ट्रान्सह्युमॅनिझम आणि अमूर्त कला : माणसाला नवं इंद्रिय मिळालं तर चित्र कसं दिसेल?

टीव्हीचा रिमोट घ्या, त्याचं पुढचं टोक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि एखादं बटण दाबून ठेवा. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनवर एक फिकट जांभळा किंवा पांढुरका ठिपका लुकलुकताना दिसेल. आता स्क्रीन बाजूला ठेवून थेट रिमोटकडे बघा. काहीच दिसत नाही. तो प्रकाश इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरला तो कळतो, आपल्या डोळ्यांना कळत नाही.

म्हणजे तुमच्या खिशातल्या वस्तूला तुमच्यापेक्षा थोडं जास्त दिसतं. आता समजा, असाच एखादा सेन्सर कुणी स्वतःच्या शरीरात बसवून घेतला. त्याला जे नवीन जाणवेल त्याला काय नाव द्यायचं? आणि त्याने त्याचं चित्र काढायचं ठरवलं, तर ते कशासारखं दिसेल?

शरीरात सेन्सर बसवण्याच्या कल्पनेमागे ट्रान्सह्युमॅनिझम नावाची विचारधारा आहे. चित्राच्या प्रश्नावर आजच्या अमूर्त कलेतले काही कलाकार काम करत आहेत. या दोन गोष्टी एकमेकींना कुठे भेटतात, ते या लेखात उदाहरणांसह बघूया.

थोडक्यात सांगायचं तर

• ट्रान्सह्युमॅनिझम म्हणजे तंत्रज्ञानाच्या मदतीने माणसाच्या शरीराच्या आणि बुद्धीच्या मर्यादा ओलांडाव्यात, असं मानणारा विचार.
• अमूर्त कला म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवता रंग, रेषा, आकार, पोत यांतूनच बोलणारी कला.
• नव्या इंद्रियाला जे जाणवतं त्याचं तयार चित्र आपल्याकडे नसतं. म्हणून असे प्रयोग बहुतेक वेळा अमूर्त रूप घेतात.
• अशा प्रत्येक कलाकृतीत एक नियम लपलेला असतो : कुठल्या सिग्नलला कुठला रंग किंवा आकार द्यायचा. तो नियम कुणी ठरवला, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

ट्रान्सह्युमॅनिझम म्हणजे नेमकं काय?

आपण चष्मा लावतो, लस घेतो, कानाचं मशीन वापरतो. बऱ्याच लोकांच्या छातीत पेसमेकर असतो. हे सगळं शरीराला मदत करतं, पण हेतू असतो कमी पडलेलं भरून काढण्याचा. ट्रान्सह्युमॅनिझम याच्या पुढे जातो. त्याचं म्हणणं असं की फक्त दुरुस्ती का, वाढही करूया. जास्त आयुष्य, जास्त स्मरणशक्ती, जास्त इंद्रियं.

हा शब्द रूढ करण्याचं श्रेय ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांना दिलं जातं. १९५७ मध्ये त्यांनी याच नावाचा निबंध प्रसिद्ध केला. माणूस ही जात ठरवून स्वतःच्या पलीकडे जाऊ शकते, असा त्याचा गाभा. पुढे १९९० मध्ये मॅक्स मोर यांनी या विचाराला तत्त्वज्ञानाची मांडणी दिली, आणि १९९८ मध्ये निक बॉस्ट्रम आणि डेव्हिड पिअर्स यांनी वर्ल्ड ट्रान्सह्युमॅनिस्ट असोसिएशन सुरू केली. ही संस्था नंतर 'ह्युमॅनिटी प्लस' या नावाने ओळखली जाऊ लागली.

यातले काही लोक किती गंभीर होते, त्याचं एक उदाहरण. लेखक एफ. एम. एस्फंदियारी यांनी स्वतःचं नाव बदलून एफएम-२०३० असं ठेवलं. जन्म १९३० चा, त्यामुळे २०३० मध्ये आपण शंभरी गाठू, असा त्यांचा विश्वास होता. २००० साली त्यांचं निधन झालं. भविष्यात जिवंत होण्याच्या आशेने त्यांचं शरीर अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात अतिशीत अवस्थेत जपून ठेवलं आहे.

कलेचा संबंधही पहिल्यापासून आहे. नताशा व्हिटा-मोर या मुळात कलाकार. त्यांनी १९८३ मध्ये ट्रान्सह्युमन जाहीरनामा लिहिला आणि १९९७ मध्ये 'प्रायमो पोस्टह्युमन' नावाने भविष्यातल्या मानवी शरीराचं डिझाइन मांडलं. थोडक्यात, शरीर हाच कॅनव्हास.

अमूर्त कलेशी नातं जुनं आहे

अमूर्त चित्र म्हटलं की 'हे तर कुणीही काढेल' अशी प्रतिक्रिया आपल्याकडेही ऐकू येते. पण या कलेची सुरुवातच एका मोठ्या प्रश्नातून झाली : डोळ्यांना दिसत नाही, पण आहे, ते कसं दाखवायचं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात क्ष-किरण, रेडिओ लहरी यांचे शोध ताजे होते. डोळ्यांना न दिसणारं जग खरोखर आहे, हे विज्ञानच सांगत होतं. त्याच काळात थिऑसॉफीचा प्रभावही वाढत होता. लोकमान्य टिळकांप्रमाणेच होमरूल लीग काढणाऱ्या अ‍ॅनी बेझंट आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात. त्याच बेझंटबाईंनी चार्ल्स लेडबीटर यांच्यासोबत 'थॉट-फॉर्म्स' हे पुस्तक लिहिलं होतं. विचारांना आणि भावनांना रंग-आकार असतात, असा दावा त्यात होता आणि सोबत रंगीत चित्रंही होती. संगीत ऐकताना हवेत तयार होणारे आकारसुद्धा त्यांत काढले होते. वासिली कांडिन्स्की हा अमूर्त चित्रकलेच्या पहिल्या मोठ्या चित्रकारांपैकी एक. त्याला थिऑसॉफीत रस होता, आणि कलेतल्या आध्यात्मिकतेवरच्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकात मादाम ब्लाव्हात्स्की यांचा उल्लेख येतो.

रशियात तर आजच्या ट्रान्सह्युमॅनिझमचे जणू पूर्वजच होते. निकोलाय फ्योदोरोव्ह (१८२९–१९०३) या विचारवंताचं म्हणणं होतं की विज्ञानाने मृत्यूवर मात करावी, होऊन गेलेल्या पिढ्यांना परत जिवंत करावं आणि माणसाने दुसऱ्या ग्रहांवर राहायला जावं. या विचारधारेला पुढे 'कॉस्मिझम' असं नाव पडलं. याच रशियात काझिमिर मालेविच यांनी १९१५ मध्ये पेट्रोग्राडच्या एका प्रदर्शनात 'ब्लॅक स्क्वेअर' लावलं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक काळा चौकोन, बस्स. तोही रशियन घरांमध्ये जिथे देवाच्या प्रतिमा लावतात त्या कोपऱ्यात, छताजवळ. काही वर्षांतच मालेविच पृथ्वी आणि चंद्र यांच्या दरम्यान फिरणाऱ्या उपग्रहाच्या कल्पनेबद्दल लिहीत होते. पहिला खरा उपग्रह अवकाशात गेला तो १९५७ मध्ये.

सगळेच अमूर्त चित्रकार या वाटेने गेले असं मात्र नाही. नागपूरला जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांमागे झेन विचार आणि शांतता आहे. शरीराला यंत्र जोडण्याचा त्याच्याशी संबंध नाही. अमूर्त कलेचं घर मोठं आहे. आपण इथे त्यातली एकच खोली बघतोय.

रंग ऐकणारा माणूस

या विषयातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे नील हार्बिसन. त्यांचा जन्म १९८२ चा, लहानपण स्पेनमधल्या कॅटलोनियात गेलं. त्यांना जन्मापासून रंग दिसत नाहीत. सगळं जग काळं, पांढरं आणि करडं. इंग्लंडमध्ये संगीत शिकत असताना २००३ मध्ये त्यांची अ‍ॅडम माँटॅडन यांच्याशी ओळख झाली आणि दोघांनी मिळून रंगांचं आवाजात रूपांतर करणारं यंत्र तयार केलं. सुरुवातीला कॅमेरा, हेडफोन आणि पाठीवर पाच किलोचा कॉम्प्युटर असा सगळा जामानिमा होता. पुढे त्याची अँटेना झाली आणि ती कवटीच्या मागच्या बाजूला हाडातच बसवली गेली. डोक्यावरून वळून ती कपाळासमोर येते. टोकाचा सेन्सर रंग ओळखतो, चिप त्याचं कंपनात रूपांतर करते आणि ते कंपन हाडातून आतल्या कानापर्यंत पोचतं.

यामागचं गणित समजायला सोपं आहे. प्रकाश आणि आवाज या दोन्हींना वारंवारता असते. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची वारंवारता साधारण ४०० ते ७९० टेराहर्ट्झ, आणि आपल्याला ऐकू येतो तो आवाज साधारण २० ते २०,००० हर्ट्झ. संगीतात वारंवारता निम्मी केली की तोच सूर एक सप्तक खाली येतो. तसं प्रकाशाला ४० सप्तकं खाली आणलं, म्हणजे त्याची वारंवारता ४० वेळा निम्मी करत नेली, तर ती साधारण ३६० ते ७२० हर्ट्झच्या पट्ट्यात येते. हा आवाज आरामात ऐकू येतो. लाल रंग खालच्या सुरात, जांभळा वरच्या. हार्बिसन यांची अँटेना रंगचक्राचे ३६० बारीक सूर वेगळे करू शकते. शिवाय ती इन्फ्रारेड आणि अतिनील प्रकाशही पकडते, म्हणजे डोळसांना न दिसणारे 'रंग' त्यांना ऐकू येतात. लेखाच्या सुरुवातीचा रिमोट आठवा. तो त्यांना कॅमेऱ्याशिवाय कळतो.

आता त्यांच्या चित्रांकडे येऊ. रंगाचा सूर होत असेल तर सुराचा रंगही करता येईल. म्हणून हार्बिसन संगीत आणि भाषणं रंगवतात. गाण्यातला एकेक सूर एकेका रंगाच्या पट्टीत किंवा चौकोनात उतरतो. बघणाऱ्याला वाटतं, हे साधं भौमितिक अमूर्त चित्र आहे. पण ती खरं तर नोंद असते.

त्यांची एक जोडी प्रसिद्ध आहे. एका चित्रात मार्टिन ल्युथर किंग यांचं भाषण रंगवलेलं आहे, दुसऱ्यात हिटलरचं. नावं न लावता ही चित्रं दाखवली आणि कुठलं जास्त आवडतं असं विचारलं. नावं कळल्यावर बहुतेकांनी आपली पसंती बदलली, असं हार्बिसन यांनी २०१२ च्या आपल्या टेड भाषणात सांगितलं आहे. या गोष्टीतून दोन अर्थ निघतात. एक, डोळ्यांना सुंदर वाटणं आणि आशय चांगला असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा जास्त महत्त्वाचा : यंत्राने सुरांचा चढउतार पकडला, पण शब्दांचा अर्थ त्यातून निसटला. नवं इंद्रिय काहीतरी देतं, तसं काहीतरी गाळतंही.

हार्बिसन स्वतःला सायबॉर्ग म्हणवतात. अँटेना ही वापरायची वस्तू नसून आपल्या शरीराचा भाग आहे, असं ते सांगतात. २००४ मध्ये ब्रिटिश पासपोर्टच्या फोटोत अँटेना चालणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं होतं. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर तो फोटो मान्य झाला. २०१० मध्ये त्यांनी नर्तिका मून रिबास यांच्यासोबत सायबॉर्ग फाउंडेशन सुरू केलं. रिबास यांनी २०१३ मध्ये हातात असा सेन्सर बसवून घेतला की जगात कुठेही भूकंप झाला की त्यांना कंपन जाणवायचं. 'वेटिंग फॉर अर्थक्वेक्स' या प्रयोगात त्या रंगमंचावर उभ्या राहायच्या आणि भूकंप झाला तरच हलायच्या. जमीन शांत असेल तर नाचही शांत. पुढे २०१९ मध्ये त्यांनी हे सेन्सर काढून टाकले.

मेंदूतून थेट चित्र

दुसरी वाट मेंदूच्या सिग्नलची. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतली विद्युत हालचाल मोजतात, तो ईईजी. हॉस्पिटलमध्ये तुम्ही कुणाचा ईईजी काढलेला पाहिला असेल. अमेरिकन संगीतकार अ‍ॅल्विन ल्युसिए यांनी १९६५ मध्येच त्याचा कलेसाठी उपयोग केला. डोक्याला इलेक्ट्रोड लावून ते स्टेजवर डोळे मिटून शांत बसले. मेंदूच्या अल्फा लहरी मोठ्या करून लाउडस्पीकरमध्ये सोडल्या आणि त्या कंपनांनी ढोल आणि इतर वाद्यं वाजू लागली. कलाकाराने हात हलवलाच नाही.

याच तंत्राचा एक अतिशय माणुसकीचा उपयोग जर्मनीत झाला. एएलएस या आजारात शरीराचे स्नायू हळूहळू निकामी होतात, पण बहुतेक वेळा विचार शाबूत राहतात. कलाकार आदी होस्ले आणि वुर्झबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा रुग्णांसाठी 'ब्रेन पेंटिंग' विकसित केलं. स्क्रीनवर रंग, आकार, जाडी अशा पर्यायांचा तक्ता असतो आणि त्यातले चौकोन आळीपाळीने चमकतात. हवा तो पर्याय चमकला की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक विशिष्ट लहर उमटते. कॉम्प्युटर ती ओळखतो आणि तो पर्याय निवडतो. एकेक निवड जमवत चित्र तयार होतं.

ही चित्रं गोल, चौकोन आणि रंगांच्या थरांची, म्हणजे बऱ्याच अंशी अमूर्त असतात, कारण हत्यारंच तशी आहेत. पण ज्या माणसाला ब्रशच काय, बोटही उचलता येत नाही, त्याच्यासाठी तो निळा गोल म्हणजे 'मी इथे आहे' असं सांगणं असतं. ट्रान्सह्युमॅनिझमवर कितीही वाद घाला, हे उदाहरण बाजूला सारता येत नाही.

आता तुलनेला दुसरं उदाहरण घेऊ. इस्तंबूलमध्ये जन्मलेले रेफिक अनादोल यांनी २०१८ मध्ये 'मेल्टिंग मेमरीज' हे प्रदर्शन केलं. लोकांना जुन्या आठवणींवर लक्ष केंद्रित करायला सांगून त्यांचा ईईजी नोंदवला आणि त्या डेटावरून मोठ्या एलईडी भिंतीवर समुद्रासारखे उसळणारे पांढरे आकार तयार केले. कॅलिफोर्नियातल्या एका न्यूरोसायन्स प्रयोगशाळेची त्यात मदत होती. दिसायला हे विलक्षण आहे. पण लक्षात घ्या, ईईजीमधून आठवण 'वाचता' येत नाही. त्या भिंतीवर आजीच्या घराची आठवण दिसत नसते. दिसतो तो लहरींचा चढउतार, आणि त्याला लाटेचं रूप द्यायचं हे कलाकाराने आणि त्याच्या टीमने ठरवलेलं असतं.

यंत्र जोडीदार, यंत्र प्रेक्षक

ट्रान्सह्युमॅनिझमचा तिसरा धागा म्हणजे माणूस आणि यंत्र यांची बुद्धी एकत्र येणं. याची सुरुवात एआयच्या आजच्या लाटेच्या खूप आधी झाली. ब्रिटिश चित्रकार हॅरल्ड कोहेन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'आरोन' हा चित्र काढणारा प्रोग्राम लिहायला घेतला आणि २०१६ मध्ये निधन होईपर्यंत त्यावर काम केलं. आरोन इंटरनेटवरची चित्रं बघून शिकलेला नव्हता. रेषा कधी वळवायची, आकार कधी बंद करायचा, हे नियम कोहेन यांनी एकेक करून लिहिले होते. सुरुवातीची चित्रं अमूर्त, मग झाडं आणि माणसं, आणि शेवटच्या काळात पुन्हा अमूर्ताकडे वळलेली.

सौग्वेन चुंग यांच्या कामात यंत्र शेजारी बसून चित्र काढतं. २०१५ च्या पहिल्या आवृत्तीत रोबोचा हात कॅमेऱ्यातून चुंग यांची रेषा बघायचा आणि त्याच वेळी तिची नक्कल करायचा. दुसऱ्या आवृत्तीत त्याला चुंग यांची जुनी रेखाटनं शिकवली, म्हणजे तो त्यांच्याच हाताच्या सवयी घेऊन समोर आला. नंतरच्या कामात चुंग यांचा ईईजीही जोडला गेला. कागदावर उरतात ते वळणदार, गुंतलेले अमूर्त फटकारे. कुठली रेषा कुणाची, हे सांगणं अवघड.

न्यूझीलंडचे टॉम व्हाइट यांनी प्रश्नच उलटा केला. त्यांचा प्रोग्राम मोजक्या रंगांचे साधे आकार इकडे-तिकडे हलवत राहतो, जोपर्यंत फोटो ओळखणारं एआय 'हा पंखा आहे' असं खात्रीने म्हणत नाही. मग त्याची छपाई होते. आपल्याला दिसतात ते चार पट्टे आणि एक गोल. यंत्राला दिसतो पंखा. म्हणजे माणसासाठी अमूर्त आणि यंत्रासाठी मूर्त! तुमचा फोन गॅलरीतले फोटो 'मांजर', 'बीच', 'पावती' असे आपोआप वेगळे करतो, तेव्हा असलीच नजर काम करत असते. व्हाइट यांचं काम दिल्लीतही दाखवलं गेलं आहे. २०१८ मध्ये तिथल्या नेचर मॉर्त गॅलरीत एआय कलेचं 'ग्रेडियंट डिसेंट' हे प्रदर्शन भरलं होतं आणि त्यात भारतातले हर्षित अग्रवाल यांचंही काम होतं.

मेंदू प्रयोगशाळेत, कला गॅलरीत

शेवटची दोन उदाहरणं थोडी अस्वस्थ करणारी आहेत.

२००० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या 'सिम्बायोटिका' या कला-प्रयोगशाळेने अमेरिकेतल्या अटलांटा इथल्या शास्त्रज्ञांसोबत 'मेआर्ट' नावाचा प्रकल्प केला. अटलांटात काचेच्या बशीत उंदराच्या मेंदूतल्या पेशी इलेक्ट्रोडवर वाढवल्या होत्या. त्यांचे सिग्नल इंटरनेटवरून दूरच्या प्रदर्शनात ठेवलेल्या यांत्रिक हाताकडे जायचे आणि तो हात कागदावर रेघोट्या ओढायचा. कॅमेरा ते चित्र बघून माहिती परत पेशींकडे पाठवायचा. हा चित्रकार म्हणायचा का? पेशींना 'आपण चित्र काढतोय' हे कळत नव्हतं. पण मग चित्र काढायला कळणं किती लागतं, हा प्रश्न उरतोच.

२०२५ मध्ये पर्थच्याच आर्ट गॅलरी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियात 'रिव्हिव्हिफिकेशन' हे काम मांडलं गेलं. वर ज्यांचा उल्लेख आला ते अ‍ॅल्विन ल्युसिए २०२१ मध्ये वारले. त्याआधी त्यांनी या प्रकल्पासाठी स्वतःचं रक्त दिलं होतं. त्या रक्तपेशींपासून स्टेम सेल आणि त्यांच्यापासून मेंदूच्या ऊतीचे इवलेसे गोळे तयार केले गेले. त्यांना 'ऑर्गनॉइड' म्हणतात. त्यांच्या विद्युत सिग्नलवर गॅलरीतल्या २० पितळी पत्र्यांवर हातोड्या पडायच्या आणि नाद घुमायचा. १९६५ मध्ये ज्या माणसाच्या मेंदूने वाद्यं वाजवली, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पेशींपासून वाढलेली ऊती वाजवत होती.

हे ल्युसिए आहेत का? नाहीत. त्या गोळ्यांमध्ये त्यांच्या आठवणी नाहीत, आवडीनिवडी नाहीत. पण त्यांची जनुकं आहेत आणि त्यांची परवानगीही होती. मृत्यूवर मात करण्याचं फ्योदोरोव्ह यांचं स्वप्न आणि आजचं तंत्रज्ञान यांच्यातलं अंतर किती, ते या एका खोलीत उभं राहिलं की कळायचं. नाद आहे, माणूस नाही.

टीका काय आहे?

पहिली टीका इतिहासाची. ज्युलियन हक्सली हे ब्रिटनच्या युजेनिक्स सोसायटीचे अध्यक्षही होते. युजेनिक्स म्हणजे 'चांगल्या' वंशाची माणसं वाढवावीत आणि 'कमी प्रतीची' घटवावीत असा विचार. त्याच्या नावाखाली विसाव्या शतकात भयंकर अत्याचार झाले. त्यामुळे कुणी 'सुधारलेला माणूस' म्हटलं की, सुधारलेला म्हणजे कुणाच्या मते, हे विचारावं लागतं. दिव्यांग व्यक्तींच्या चळवळीतले अनेक जण हाच मुद्दा मांडतात.

दुसरी टीका रोजच्या व्यवहाराची. फोन जुना झाला, अपडेट बंद झाले, तर आपण नवा घेतो. शरीरातल्या यंत्राचं काय? 'आर्गस २' नावाचं कृत्रिम रेटिनाचं उपकरण जगभरात ३५० हून अधिक दृष्टिहीन लोकांना बसवलं गेलं होतं. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं. दुरुस्तीची आणि सुट्या भागांची सोय आटली आणि डोळ्यात बंद पडलेलं यंत्र घेऊन जगायची वेळ काहींवर आली. भविष्याच्या चकचकीत चित्रांमध्ये हा भाग क्वचितच रंगवलेला असतो.

तिसरी टीका कलेचीच. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात २०२२ मध्ये अनादोल यांचं 'अनसुपरवाइज्ड' लागलं. संग्रहालयाच्या संग्रहातल्या १,३८,१५१ नोंदींवर शिकवलेलं एआय २४ फूट उंच स्क्रीनवर सतत बदलणारे आकार दाखवत होतं. लोकांनी तुफान गर्दी केली, पण समीक्षक जेरी सॉल्ट्झ यांनी त्याची तुलना शोभेच्या लाव्हा लॅम्पशी केली. त्यांच्या आक्षेपातला प्रश्न विचारण्यासारखा आहे : डेटा प्रचंड आहे म्हणून चित्र खोल होतं का?

असं चित्र समोर आलं तर काय विचाराल?

इन्स्टाग्रामवर 'मेंदूने काढलेलं चित्र', 'झाडाने वाजवलेलं संगीत', 'एआयचं स्वप्न' अशा रील्स रोज येतात. भारावून जाण्याआधी किंवा हसण्यावारी नेण्याआधी तीन प्रश्न विचारून बघा.

१. सिग्नल खरा आहे का, आणि कुठून आला? हार्बिसन यांच्या चित्रामागे खरा सूर असतो, ब्रेन पेंटिंगमागे खरी निवड. कधी कधी 'मेंदूचा डेटा' फक्त सुरुवातीला टाकलेला असतो आणि पुढचं सगळं अ‍ॅनिमेशन असतं.

२. नियम कुणी ठरवला? लाल म्हणजे खालचा सूर, ताण म्हणजे खडबडीत पोत, आठवण म्हणजे लाट, हे निसर्गाने ठरवलेलं नाही. याला मॅपिंग म्हणतात. कलाकाराची प्रतिभा बहुतेक वेळा इथेच असते. जो कलाकार आपलं मॅपिंग उघड सांगतो, त्याचं काम जास्त नीट बघता येतं.

३. कुणाचं काय पणाला लागलंय? कलाकाराने स्वतःच्या शरीरात बदल केला की दुसऱ्यांचा डेटा वापरला? परवानगी होती का? उद्या यंत्र बंद पडलं तर कुणाचं नुकसान होईल?

तिसरा प्रश्न फक्त गॅलरीपुरता नाही. तुमचं स्मार्टवॉच हृदयाचे ठोके, झोप, ताण मोजतं आणि त्याचे रंगीत गोल आणि आलेख दाखवतं. तेही एक मॅपिंगच आहे. झोपेला ७२ गुण कुणी दिले, ६० का नाही? या कलाकारांच्या निमित्ताने हा प्रश्न विचारायची सवय लागली, तर या कलेचा तेवढा फायदा नक्कीच झाला.

फोनवर करून बघा

ऑपरेशन न करता थोडी चव घेता येते. 'फायफॉक्स' हे मोफत अ‍ॅप जर्मनीतल्या आखेन इथल्या विद्यापीठाने बनवलं आहे. त्यात मॅग्नेटोमीटर उघडा आणि फोन लोखंडी कपाटाजवळ, स्पीकरजवळ न्या. चुंबकीय क्षेत्राचा आलेख हलताना दिसेल. माणसाला स्पष्टपणे न जाणवणारी ही गोष्ट आहे. आता कागद आणि रंग घ्या आणि घराचं चित्र काढा, पण भिंती-दारं न काढता फक्त चुंबकीय क्षेत्राचं. जास्त आकड्याला कुठला रंग द्यायचा, तुम्हीच ठरवा. 'गूगल आर्ट्स अँड कल्चर'वर 'प्ले अ कांडिन्स्की' नावाचा प्रयोगही आहे. कांडिन्स्कीला रंगांमधून कसे आवाज ऐकू येत असतील, याची तिथे कल्पना येते.

नेहमी पडणारे प्रश्न

एआयने बनवलेलं प्रत्येक अमूर्त चित्र ट्रान्सह्युमॅनिस्ट असतं का?
नाही. प्रॉम्प्ट देऊन वॉलपेपर बनवणं आणि माणसाच्या इंद्रियांची किंवा बुद्धीची हद्द तपासणं यात फरक आहे.

हे सगळे कलाकार स्वतःला ट्रान्सह्युमॅनिस्ट म्हणवतात का?
नाही. हार्बिसन आणि रिबास सायबॉर्ग हा शब्द वापरतात. यंत्रासारखं व्हायचं नसून इतर प्राण्यांच्या आणि निसर्गाच्या जवळ जायचं आहे, असा त्यांचा सूर असतो. कोहेन मुळात चित्रकलेचाच विचार करत होते. 'प्रभाव' म्हणताना आपण संघटनेच्या सभासदत्वाबद्दल बोलत नाही, तर समान प्रश्नांबद्दल बोलतोय.

घरी स्वतः चिप बसवून बघता येईल का?
अजिबात करू नका. संसर्ग, मज्जातंतूंना इजा असे धोके खरे आहेत. सेन्सर शरीराबाहेर ठेवूनही भरपूर प्रयोग होतात.

मग चित्र कशासारखं दिसेल, या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काय?
आजवरच्या कामांवरून इतकं म्हणता येतं : ते ओळखीच्या कशासारखंही दिसणार नाही, आणि म्हणूनच त्यासोबत मॅपिंगची चिठ्ठी लागेल. ती चिठ्ठी वाचायला मागणं हा प्रेक्षक म्हणून तुमचा हक्क आहे.